साल काढून दिलं होतं

माझ्या सासरी माणसाला नावाआधी फळ विचारतात.

लग्न ठरायच्या वेळी आम्ही त्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसलो होतो. खाली फळांचं दुकान, वर घर. जिन्यातच पिकल्या फळांचा असा दाट वास की डोकं जड व्हावं. शिक्षण, नोकरी, स्वयंपाक, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी मनात घोकून गेले होते. सासूबाईंनी त्यातलं एकही विचारलं नाही. पुढे सरकून म्हणाल्या, "तुझं फळ कोणतं गं?"

मला वाटलं, समोरच्या बशीतलं काय देऊ असं विचारताहेत. मी म्हटलं, "सफरचंद."

नणंदेनं ओठ दाबले. सासरे खोकले. मग सासूबाईच म्हणाल्या, "असू दे. दवाखान्यात न्यायला बरं पडतं." आणि सगळे असे काही हसत सुटले की मलाही हसावं लागलं.

त्यांच्या लेखी सफरचंद हे आवडायचं फळच नव्हतं. आजाऱ्याला भेटायला निघालेलं, काय न्यावं ते न सुचलेलं गिऱ्हाईक जे उचलतं, ते सफरचंद. बाकी घरात प्रत्येकाचं एक फळ ठरलेलं होतं. सासरे कलिंगड, सासूबाई डाळिंब, नणंद द्राक्ष, माझा नवरा संत्रं. हंगामातलं पहिलं फळ दुकानात आलं की ते गिऱ्हाइकाला नाही, ज्याचं त्याला मिळायचं. त्यानं चव घेतल्याशिवाय दुसरं कुणी तोंड लावायचं नाही. "कलिंगड जेवायला आलं का?" "संत्र्याला आज कुणी छेडू नका, आंबट आहे." असं घरात सर्रास चालायचं. सुरुवातीला मला याची फार मौज वाटे. आमच्या घरात जे स्वस्त असेल ते फळ, आणि ते सगळ्यांचं.

बिट्टी झाल्यावर मात्र माझं सफरचंद मला चांगलंच चिकटलं. मी तिचा ताप पुन्हा पुन्हा बघायची, द्राक्षं उभी चिरून द्यायची, झोपेत तिचं पोट वरखाली होतंय ना ते पाहत बसायची. "आली बघा दवाखान्याची बाई," नणंद म्हणायची. मी सगळ्यांच्या आधी हसायचे. काळजी करणाऱ्या बाईला स्वतःवर हसता आलं पाहिजे, नाहीतर तिच्यासमोर लोक काही बोलेनासे होतात आणि मग तिला काहीच कळत नाही.

घरात आणखी एक फळ होतं, पण त्याचं माणूस नव्हतं. जिन्याच्या वरच्या टोकाला एक फोटो होता. सहा वर्षांचा मुलगा, दात पडलेला, सदऱ्यावर रसाचे डाग, हातात अर्धं खाल्लेलं पीच. हा थोरला, माझ्या नवऱ्याचा मोठा भाऊ. नवरा पाळण्यात असताना तो गेला. "दम्यानं," असं घरात म्हणत, आणि त्यापुढे कुणी काही बोलत नसे. त्याच्यानंतर पीच कुणाचंच झालं नाही. दुकानातही पीच नसायचं. माझ्या लक्षात आलं होतं ते. हंगामात समोरच्या दुकानात पिचांचे डोंगर लागलेले, आणि आमच्याकडे गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा सासरे मान खाली घालूनच म्हणायचे, "चांगला माल येत नाही." सासूबाई मला एकदा हळूच म्हणाल्या होत्या, "त्यांना बघवत नाही गं. बोलत नाहीत, पण बापाचं काळीज आहे."

घरातलं मूल शाळेत जायच्या आधी फळ धरायचं. म्हणजे मोठ्या तबकात सगळी फळं अख्खी ठेवायची, मुलाला पुढे बसवायचं, कुणी खुणा करायच्या नाहीत, काही सुचवायचं नाही. मूल जे आधी तोंडाला लावेल ते त्याचं. बिट्टीच्या दिवशी सासूबाईंनी पहाटेपासून फळं पुसली. आणि समोरच्या दुकानातून एक पीच आणून तबकाच्या कडेला ठेवलं. दर मुलाच्या वेळी त्या ते ठेवत आल्या होत्या. नणंदेच्या दोन्ही मुलांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बिट्टीनं केळं उचललं, टाकलं. डाळिंब हलवून वाजवून पाहिलं. मग तिला ते पीच दिसलं. तिनं आधी ते गालाला लावलं, डोळे मिटून. मखमलीसारख्या त्या लवेवर गाल घासत राहिली. तिला माझ्या जुन्या शालीवर घासायची सवय आहे तसं. आणि मग मोठा चावा घेतला.

सासूबाई जमिनीवर बसल्याच. आधी मला वाटलं चक्कर आली. पण त्या बिट्टीला उराशी धरून हसत-रडत म्हणत होत्या, "आलं गं माझं पोर. परत आलं." नणंदही डोळे पुसत होती. नवऱ्यानं माझा हात घट्ट धरला. त्याच्या आईला असं हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, हे मला त्या हातावरून कळलं.

सासरे तेवढे उठले. "खाली दुकानात कुणी नाही," म्हणाले आणि जिना उतरून गेले. दुकान त्या दिवशी बंद होतं.

थोड्या वेळानं बिट्टी माझ्याकडे आली. ओठांभोवती लाल कडं उमटलं होतं. जीभ बाहेर काढून माझ्या ओढणीला पुसत म्हणाली, "आई, पीच चावतं."

"पीच तुला चावतं का तू पिचाला?" नणंद म्हणाली. सगळे हसले.

"तोंडात मुंग्या आहेत," बिट्टी म्हणाली.

"लव लागते ती," सासूबाई म्हणाल्या. "पिचाची लव खाजतेच. आमचे हात हंगामभर लाल असायचे. साल काढून द्यायचं म्हणजे झालं." चाळीस वर्षं फळं हाताळलेल्या बाईनं सांगितलं की पुढे काय बोलणार?

मी बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी बिट्टीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पीच बंद. साल नको, गर नको, रस नको. आज ओठावर भागलं म्हणून पुढच्या वेळी ओठावरच भागेल असं नाही. घसा सुजला तर श्वास अडकतो."

घरी येऊन मी नवऱ्याला शब्दन् शब्द सांगितला. तो खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता.

"सांगू या आईला," तो म्हणाला. "पण जरा दमानं. इतक्या वर्षांनी मनापासून हसतेय ती."

"दमानं म्हणजे कधी?"

"मी सांगतो ना. तू मध्ये पडू नकोस. तू सांगितलंस की तिला वेगळंच वाटेल."

त्यानं सांगितलं. जेवताना, माझ्यासमोर. म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणाल्या, बिट्टीला साल सोसत नाही."

"नुसती साल नाही," मी म्हटलं. "पीचच नाही द्यायचं. अजिबात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानात कच्चं फळ पिकलेलं समजून दाबत बसलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं. "सूनबाई, मला फळ शिकवतेस? मी काय तिचं वाईट करीन? माझी नात आहे ती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला आमच्यातलं काही तिच्यात आलेलं सोसतच नाही. दिसतं मला."

नवरा ताटाकडे बघत राहिला.

मी एका कार्यालयात दुपारपर्यंत काम करते. तेवढा वेळ बिट्टी आजीजवळ. त्या हंगामात मी घरी आल्याबरोबर चप्पल काढायच्या आधी कचऱ्याचा डबा उघडायचे. साली दिसल्या नाहीत. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची भीतीही वाटली. मग एकदा बिट्टीचा फ्रॉक धुवायला घेतला तर खिशात काहीतरी टणक लागलं. पिचाची बी. चाटूनपुसून स्वच्छ केलेली.

"हे कुठून आलं?"

बिट्टीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून म्हणाली, "गुपित आहे. आजी म्हणाली, आईला सांगायचं नाही. आई घाबरते."

"चावतं ना तुला ते?"

"थोडंच चावतं." तिनं विचार केला. "मी पीच खाल्लं की आजी नाचते."

संध्याकाळी मी ती बी नवऱ्यासमोर ठेवली. तो ती बोटांनी फिरवत राहिला. "म्हणजे बरेच दिवस खातेय. झालं का काही? नाही ना? मग कदाचित सालच असेल." माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाला, "बोलतो मी. उद्या बोलतो."

उद्या आलाच नाही. म्हणजे उद्या सुट्टीचा दिवस होता, दुकानात गर्दी होती, नवरा बाजारात माल आणायला गेला होता. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. जिन्यात बिट्टी पायऱ्यांवरून उड्या मारत होती, त्यांचा आवाज येत होता. मी तो आवाज ऐकत होते. मी नेहमीच ऐकत असते. तो थांबला तेव्हा माझे हात थांबले.

ती दारात उभी होती. एक डोळा सुजून मिटत आलेला, गाल फुगलेले, मानेवर गांधी उठलेल्या. "आई," म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता. घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा.

मी तिला उचलून जिना कसा उतरले ते आठवत नाही. सासरे गिऱ्हाइकाचा माल तोलत होते. त्यांनी बिट्टीचा चेहरा पाहिला, काटा तसाच सोडला, आणि तिला माझ्या हातातून घेऊन पळत सुटले. सत्तरीचा माणूस. रस्त्याच्या टोकाला दवाखाना आहे. मी मागे धावत होते आणि मला त्यांना गाठता येत नव्हतं. त्यांनी मला काय झालं म्हणून विचारलं नाही. दवाखान्याच्या दारातच ते ओरडले, "पीच! पीच खाल्लंय हिनं! लवकर करा!"

मांडीत सुई टोचली. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला. मी तिचा पाय धरून उभी होते, कारण धरायला तेवढाच मोकळा होता. सासूबाई धापा टाकत आल्या, आणि नर्सला, डॉक्टरांना, भिंतीला, सगळ्यांना सांगत राहिल्या, "साल काढून दिलं होतं. मी साल काढून दिलं होतं."

हळूहळू बिट्टीच्या गळ्यातली शिट्टी बारीक होत गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. रात्रभर ठेवून घेऊ. सासूबाई तिच्या उशाशी बसल्या आणि मी श्वास घ्यायला म्हणून बाहेर व्हरांड्यात आले.

सासरे बाकावर बसले होते. पायात चप्पल एकच. शेजारी एक पिशवी होती. शेजारपाजारचं कुणीतरी येऊन देऊन गेलं असणार. पिशवीत सफरचंदं होती.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, तुम्ही खाली दुकानात होता. तिनं वर काय खाल्लं ते मलाही माहीत नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी पायातल्या एकुलत्या चपलेकडे पाहिलं. मी हलले नाही.

"असाच दिसत होता तो," शेवटी म्हणाले. "थोरला. असाच सुजला होता. दुपारी तुझ्या सासूनं पीच दिलं, तो मागे खेळायला पळाला, आणि आला तो असा. डॉक्टर म्हणाले दमा. आम्हीही दमाच म्हणालो. आम्हाला काय कळत होतं?"

"मग?"

"मग काही वर्षांनी दुकानात एका बाईचं पोर पीच खाता खाता असंच सुजलं. माझ्या डोळ्यांसमोर. वाचलं ते. तिथल्या तिथे माझ्या ध्यानात आलं सगळं. त्या दिवसापासून दुकानात पीच ठेवलं नाही."

"आईंना नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तुझ्याच हातानं गेला म्हणून सांगायचं? पोर परत येणार होतं का?"

मी म्हटलं, "गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी दुकानातून पीच काढलंत. घरच्या तबकात मात्र ठेवू दिलंत."

"मला वाटलं, कुणी उचलणार नाही. आधीच्या दोघांनी नव्हतं उचललं."

"आणि उचलल्यावर?"

त्यांनी पिशवी बाजूला सरकवली. मग हात जोडले. माझ्या सासऱ्यांनी, मला. "पोरी, तुला काय करायचं ते कर. वेगळं घर कर, बिट्टीला घेऊन जा, आमचं तोंड बघू नकोस. पण हे तुझ्या सासूला सांगू नकोस. ती जगायची नाही."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं म्हणजे मला सांगायचं नव्हतंच. मला वाटलं, आता गरजच नाही. पोर मरता मरता वाचलं, यापरतं आणखी काय सांगायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी बिट्टीला घरी आणलं. नणंद आली होती, नवरा माझ्या मागेमागे करत होता, "चुकलं माझं" म्हणत होता, आणि मी त्याला पाणी आण, उशी आण एवढंच सांगत होते. दुपारी मी ओट्यापाशी गेले. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. भांड्यात पाणी उकळत होतं आणि त्यात त्यांची फळं सोलायची सुरी.

माझी चाहूल लागली तशी मागे न बघता म्हणाल्या, "माझंच चुकलं गं. रात्रभर विचार करतेय. साल काढली, पण त्याच सुरीनं गर चिरला. लव सुरीला राहिली असणार." त्यांचा आवाज रडून बसला होता, पण त्यात एक उभारी होती. कोडं सुटल्यावर येते तशी. "आता हिचं सगळं वेगळं ठेवायचं. वेगळी सुरी. फळ उकळत्या पाण्यातून काढलं की साल अशी अलगद सुटते, लवेचा कणसुद्धा राहत नाही. आत्ता नाही गं, लगेच घाबरू नकोस. पुढच्या हंगामात. चांगली बरी झाली की."

पाणी खदखदत होतं. मी गॅस बंद केला.

त्या क्षणी मला सगळं दिसलं. नवरा उद्या बोलेल. सासरे मान खाली घालतील. मी घर वेगळं केलं तरी आजी भेटायला येईलच, पदराआड एक सोललेलं, उकळलेलं, प्रेमानं चिरलेलं पीच घेऊन. आणि बिट्टी ते खाईल. आजीनं नाचावं म्हणून.

"आई," मी म्हटलं, "थोरल्या भाऊजींना पीच चावायचं का हो?"

त्या वळल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत या घरात कुणी त्याच्याविषयी असं सहज काही विचारलंच नव्हतं. "चावायचं ना! अगदी हिच्यासारखंच. जीभ बाहेर काढून माझ्या पदराला पुसायचा. म्हणायचा, आई, पीच तिखट आहे. मी म्हणायचे, अरे वेड्या, पीच कुठं तिखट असतं? आणि तरी हट्टानं खायचा, मी नको म्हटलं तरी... म्हणजे मी कुठं नको म्हणायची... त्या दिवशीसुद्धा दोन..."

त्या थांबल्या.

मी नजर खाली घातली नाही. घालता आली असती. त्या माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होत्या, मी हसावं, मी "नाही हो आई, तसं नाही" म्हणावं, एवढंच. डॉक्टर दमा म्हणाले होते. कदाचित दमाच असेल. कुणाला माहीत? मी ते म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही.

दारात सासरे उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी मान खाली घातली. पिचाचं गिऱ्हाईक आलं की घालायचे तशी. सासूबाईंना तेवढं पुरलं.

"म्हणून दुकानात ठेवत नाही होय तुम्ही?" त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात.

त्यानंतर त्या रडल्या नाहीत. आरडाओरडा नाही, आजारपण नाही. सासरे म्हणाले होते ती जगणार नाही, पण त्या जगताहेत. जिन्यातला फोटो तिथेच आहे. घरात कुणी कुणाला फळाच्या नावानं हाक मारत नाही. डाळिंबाचा हंगाम आला, पहिलं डाळिंब सासऱ्यांनी वर पाठवलं, ते ओट्यावर सुकून गेलं. सासरे माझ्याशी कामापुरतं बोलतात. नवरा म्हणतो, "तू बरोबर होतीस," आणि ते अशा सुरात म्हणतो की मी बरोबर नसते तर बरं झालं असतं.

बिट्टी ठणठणीत आहे. शाळेत जाते. तिथे कुणी विचारलं तर म्हणते, "आमच्याकडे फळ नसतं." तिला अजून कळलेलं नाही की आजी तिला मांडीवर का घेत नाही. मध्येच ती स्वतःच्या डब्यातलं केळं घेऊन आजीपुढे जाते आणि म्हणते, "आजी, हे चावत नाही. भरव ना." आजी दोन्ही हात पाठीमागे घेते.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. आता या घरात मला विचारल्याशिवाय बिट्टीला कुणी काही देत नाही. काल दुपारी मी कार्यालयातून आले, कचऱ्याचा डबा उघडण्याची सवय अजून गेलेली नाही. तो रिकामा होता. बिट्टी खेळून लालबुंद झाली होती, टेबलापाशी हात टेकून उभी होती. तिच्यासमोर पेला भरलेला होता, आणि सासूबाई तो तळहातानं झाकून माझी वाट बघत बसल्या होत्या.

"पाणी मागतेय," मला म्हणाल्या. "देऊ का?"